‘डॉन’ म्हणजे नेमकी कुठली पहाट? उजाडण्याचे आणि उमगण्याचे इंग्रजी शब्द, पायरीपायरीने

मराठीत पहाटेचे तीन वाजतात. इंग्रजीत सहसा वाजत नाहीत. ‘पहाटे तीनला फोन आला’ हे वाक्य इंग्रजीत नेताना नवशिका हमखास ‘ॲट डॉन’ लिहितो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फिकट होत चाललेलं आकाश उभं राहतं, पाखरं बोलायला लागलेली असतात. प्रत्यक्षात फोन वाजला तेव्हा बाहेर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही इतका काळोख होता. कोशातला अर्थ बरोबर लावला, पण चित्र साफ चुकलं.

ज्यांना इंग्रजी वाचता येतं, कामापुरतं लिहिताही येतं, पण उजाडण्याचे शब्द आणि एखादी गोष्ट ध्यानात येण्याचे शब्द वापरताना हात अडखळतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. दोन्ही विषय एकत्र घेतलेत, कारण इंग्रजीने ते एकत्रच ठेवलेत. क्षितिजावर जो ‘डॉन’ होतो तोच माणसाच्या डोक्यातही होतो. शिवाय इथे मराठी माणसाची एक मोठी सोय आहे, तिचा फायदा फार थोडे घेतात: आपली ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं. त्यांच्याकडे तिसऱ्या पायरीवर येऊ.

पहिली पायरी: घड्याळ बाजूला ठेवा, आकाश बघा

आपली ‘पहाट’ निम्मी घड्याळावर चालते. रात्र सरत आली की पहाट सुरू झाली, मग उजेडाचा पत्ता असो वा नसो. ‘डॉन’ला मात्र उजेड लागतोच. शब्दाचं मूळच तसं आहे: जुन्या इंग्रजीत ‘दिवस होणे’ अशा अर्थाचं क्रियापद होतं, ‘डे’ या शब्दाचं सख्खं भावंड, त्यातून हे घराणं आलं. गंमत म्हणजे ‘डॉन’ हे क्रियापद आधी रुळलं आणि नाम म्हणून त्याचा वापर सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. आपल्याकडे ‘उजाडणे’ आहे तसंच ते मुळात ‘होणं’ आहे. हे लक्षात ठेवलंत तर पुढचं बरंच सोपं जाईल.

मग अंधारातल्या पहाटेला म्हणायचं काय? सरळ ‘थ्री इन द मॉर्निंग’. इंग्रजी ‘मॉर्निंग’ मध्यरात्र उलटली की सुरू होते, म्हणून आपण ज्याला बिनदिक्कत ‘रात्री एक’ म्हणतो ते तिकडे ‘वन इन द मॉर्निंग’ असतं. आकडा सांगायचा नसेल तर ‘द स्मॉल आवर्स’ म्हणा. एक, दोन, तीन हे लहान आकड्यांचे तास, म्हणून ‘स्मॉल’. बातमीच्या भाषेत ‘इन द अर्ली आवर्स’ जास्त चालतं. ‘पहाटेच्या सुमारास अपघात झाला’ याला तेच जुळतं.

उजेड दिसायला लागला की शब्द बदलतात. सगळ्यांत आधी ‘फर्स्ट लाइट’. समोरच्या झाडाचा आकार नुसता ओळखू येतोय, रंग अजून कळत नाही, ती आपली झुंजुमुंजु वेळ. सैनिक, गिर्यारोहक, शोधपथकं हा शब्द सर्रास वापरतात, कारण त्यांना वेळेपेक्षा ‘आता दिसतंय का’ याच्याशी काम असतं. त्यानंतरचा, म्हणजे फटफटायला लागल्यापासून सूर्य वर येईपर्यंतचा सगळा पट्टा म्हणजे ‘डॉन’. ‘डेब्रेक’ त्याच वेळेला म्हणतात, पण त्यात पट्ट्यापेक्षा क्षणावर भर आहे आणि शब्द थोडा पुस्तकी आहे. आणि सूर्याची कोर क्षितिजावर दिसली की ‘सनराइज’. ‘सनराइज’च्या आधी अर्धा तास फोटो काढला असेल तर त्याखाली ‘सनराइज’ लिहू नका. तो ‘डॉन’चा फोटो आहे. ‘सनअप’ हा अमेरिकी बोलीतला शब्द, अर्थ ‘सनराइज’चाच.

इथे जरा खगोलशास्त्र घेऊ, कारण हवामानाच्या ॲपवर आणि पंचांगासारख्या तक्त्यांत हे शब्द कायम भेटतात. संधिप्रकाशाला इंग्रजीत ‘ट्वायलाइट’ म्हणतात आणि त्याच्या तीन पायऱ्या मानतात. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांपासून १२ अंशांपर्यंत असतो तो ‘ॲस्ट्रोनॉमिकल ट्वायलाइट’: साध्या डोळ्यांना रात्रच, पण अंधूक तारे पुसले जायला लागतात. १२ ते ६ अंश ‘नॉटिकल’: समुद्रावर क्षितिजाची रेघ दिसते आणि ठळक तारेही दिसतात, म्हणून जुन्या खलाशांना ताऱ्यांची उंची मोजायला हीच वेळ सोयीची. शेवटचे ६ अंश ‘सिव्हिल’: आभाळ स्वच्छ असेल तर दिव्याशिवाय बाहेरची बहुतेक कामं करता येतात. ‘सिव्हिल डॉन’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ती सकाळच्या या शेवटच्या पायरीची सुरुवात समजा.

प्रत्येक पायरीला किती वेळ लागतो हे जागेवर ठरतं. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ वर चढतो, त्यामुळे शेवटचे ६ अंश वीस-बावीस मिनिटांत संपतात. उत्तरेकडे जावं तसा तो तिरका, रेंगाळत येतो. ६० अंश उत्तर अक्षांशावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो मध्यरात्रीही क्षितिजाखाली जेमतेम साडेसहा अंश उतरतो. तिथे पहाटे तीनला ‘डॉन’ म्हटलं तर उलट उशीर झालेला असेल, सूर्य वर आलेला असतो. सुरुवातीला ‘सहसा’ म्हटलं ते यासाठी.

आणखी एक. आपल्याला सूर्याची कोर दिसते तेव्हा गणिताने सूर्य अजून क्षितिजाखालीच असतो. वातावरण प्रकाशाला वाकवून वर आणतं, क्षितिजाजवळ सुमारे ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त. सूर्याचं बिंबही साधारण तेवढंच. छापील ‘सनराइज’च्या वेळेत हे वाकणं धरलेलं असतं.

‘ट्वायलाइट’ सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे चालतो हे पुस्तकात खरं, पण नुसतं ‘ट्वायलाइट’ म्हटलं की बहुतेकांच्या मनात संध्याकाळच येते. सकाळचा म्हणायचा असेल तर ‘मॉर्निंग ट्वायलाइट’ असं स्पष्ट लिहा. तिन्हीसांजेला वेगळा शब्द आहेच, ‘डस्क’. त्याची ‘डॉन’शी कायमची जोडी: ‘फ्रॉम डॉन टू डस्क’, म्हणजे दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत.

उरलेले शब्द भराभर उरकू. ‘ॲट द क्रॅक ऑफ डॉन’ म्हणजे भल्या पहाटे, आणि त्यात बहुधा कुरकुर दडलेली असते: ‘इतक्या भल्या पहाटे उठवलंत!’ निमंत्रणपत्रिकेत तो घालू नये. ‘कॉकक्रो’, कोंबडं आरवण्याची वेळ, आता जुन्या गोष्टींत उरलाय. ‘ऑरोरा’ ही रोमन लोकांची पहाटदेवी. रोजच्या इंग्रजीत हा शब्द पहाटेसाठी नाही, ध्रुवांकडच्या रंगीत प्रकाशासाठी वापरतात. पण नात्याने ती आपल्या ओळखीची आहे. ऋग्वेदातली उषा, ग्रीकांची इऑस, रोमनांची ऑरोरा आणि इंग्रजीतला साधा ‘ईस्ट’ हे सगळे एकाच मुळातून फुटलेले. पूर्वेला ‘ईस्ट’ म्हणतात म्हणजे उजाडतं त्या बाजूलाच म्हणतात.

दुसरी पायरी: चिल्लर शब्द

नवशिक्याचं इंग्रजी पकडलं जातं ते मोठ्या शब्दांत नाही, ‘ॲट’ आणि ‘इन’मध्ये. इथला नियम सुदैवाने सरळ आहे. क्षणासारखी वेळ असेल तर ‘ॲट’: ‘ॲट डॉन’, ‘ॲट डेब्रेक’, ‘ॲट सनराइज’, ‘ॲट फर्स्ट लाइट’. लांबरुंद वेळ असेल तर ‘इन’: ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द अर्ली आवर्स’. पहिल्या गटात ‘द’ लागत नाही, दुसऱ्यात लागतो. मात्र ‘ऑफ’ आला की ‘द’ परत येतो: ‘ॲट द क्रॅक ऑफ डॉन’, ‘ॲट द ब्रेक ऑफ डे’, ‘द डॉन ऑफ अ न्यू एरा’.

क्रियापदांत आपली चांदी आहे. आपल्याकडे तांबडं फुटतं, तिकडे ‘डे ब्रेक्स’, ‘डॉन ब्रेक्स’. आपल्याकडे रात्र पडते, तिकडे ‘नाइट फॉल्स’. फुटणं दिवसाचं, पडणं रात्रीचं, वाटणी तीच. भूतकाळात ‘ब्रोक’ आणि ‘फेल’. फक्त ‘सनराइज’ला ‘ब्रेक’ लावू नका. सूर्य फुटत नाही. आणि ‘अंधार पडला’च्या चालीवर ‘उजेड पडला’ नेता येत नाही, त्यासाठी ‘इट गॉट लाइट’ एवढं साधं वाक्य आहे. ‘लाइट फेल’ म्हटलं तर उजेड कशावर तरी, म्हणजे चेहऱ्यावर किंवा भिंतीवर पडला, असा अर्थ होतो.

उच्चाराबद्दल दोन शब्द. देवनागरीत टोळीचा डॉन आणि पहाटेचा डॉन सारखेच दिसतात. ब्रिटिश उच्चारात पहाटेचा ‘ऑ’ लांबवतात, टोळीवाल्याचा तोकडा असतो. अमेरिकेत अनेकांच्या तोंडी दोन्ही सारखेच येतात, तेव्हा ऐकताना संदर्भावर भिस्त ठेवा. बोलताना स्वर लांबवायची सवय लावा, म्हणजे प्रश्नच मिटला. फक्त तो ‘डाउन’कडे झुकू देऊ नका, स्पेलिंगमधला ‘डब्ल्यू’ पाहून तसा मोह होतो.

तिसरी पायरी: उजेड माणसावर पडतो

आता मुख्य भाग. ‘इट डॉन्ड ऑन मी दॅट…’ हा साचा पाठ करा. अर्थ: माझ्या ध्यानात आलं, मला उमगलं. कर्ता आहे ‘इट’, म्हणजे ती गोष्ट, आणि माणूस आहे ‘ऑन’च्या पुढे, कर्म होऊन. पहाट होते आणि तिचा उजेड माणसावर येतो. माणूस काही करत नाही. म्हणून ‘आय डॉन्ड’ चूक, ‘आय वॉज डॉन्ड’ त्याहून चूक. ‘इट’च्या जागी खरी गोष्ट ठेवता येते: ‘द ट्रुथ डॉन्ड ऑन हर’. नकारार्थी फार वापरात आहे: ‘इट नेव्हर डॉन्ड ऑन हिम’, त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही. आणि हळूहळू चाललेलं असेल तर ‘इट इज बिगिनिंग टु डॉन ऑन देम’.

हिंदी-मराठी न येणाऱ्या अनेकांना ही रचना वाकडी वाटते. आपल्याला वाटायचं कारण नाही. ‘मला उमगलं’, ‘मला कळलं’, ‘माझ्या लक्षात आलं’, ‘मला सुचलं’, ‘मला जाणवलं’: आपण दिवसभर हेच करतो. समजणं ही आपल्याकडे येणारी गोष्ट आहे, आपण करायची नाही, हे मराठीच्या व्याकरणात मुरलेलं आहे. ‘मला’ला ‘ऑन मी’ किंवा ‘टु मी’ करायचं, संपलं.

अडचण येते ती वेगळ्याच जागी. इंग्रजीत काही क्रियापदं अशी गोष्ट माणसाकडे आणणारी आहेत आणि काहींत माणूस स्वतः कर्ता असतो. पहिल्या गटात ‘डॉन ऑन’, ‘ऑकर टु’, ‘स्ट्राइक’, ‘हिट’. दुसऱ्यात ‘रिअलाइज’, ‘नोटिस’, ‘फिगर आउट’, ‘वर्क आउट’, ‘ग्रास्प’. आपण रोजच्या सरमिसळ बोलण्यात दोन्ही गटांना ‘मला’ लावतो: ‘मला स्ट्राइक झालं’, ‘मला क्लिक झालं’ आणि त्याच दमात ‘मला रिअलाइज झालं’. पहिली दोन इंग्रजीत नेली तर ठीक बसतात: ‘इट स्ट्रक मी’, ‘इट क्लिक्ड’. तिसरं नेलं की ‘इट रिअलाइज्ड टु मी’ किंवा ‘आय गॉट रिअलाइज्ड’ असं काहीतरी विचित्र जन्माला येतं. ‘रिअलाइज’चा कर्ता माणूसच: ‘आय रिअलाइज्ड’. या एका शब्दापुरता ‘मला’ विसरा.

मराठी क्रियापदावरून इंग्रजी क्रियापद निवडायची सवय लावली तर निम्मं काम होतं. ‘सुचलं’ असेल तर ‘ऑकर्ड टु मी’. सुचलेली गोष्ट चूकही असू शकते, नुसती कल्पनाही असू शकते: रेल्वेने जाता येईल असं सुचलं. ‘उमगलं’ असेल तर ‘डॉन्ड ऑन मी’. उमगते ती गोष्ट आधीपासून खरी असते, आपल्यालाच दिसत नव्हती. ‘कळून चुकलं’ला तर ‘डॉन्ड ऑन’ अगदी चपखल, कारण त्या ‘चुकलं’मध्ये वाईट बातमीचा आणि उशिराचा जो सूर आहे तो ‘डॉन्ड’मध्येही अनेकदा असतो. ‘लक्षात आलं’ मात्र फोडून बघायला लागतं. डोळ्यांनी टिपलं असेल, समोरच्याने शर्ट उलटा घातलाय वगैरे, तर ‘आय नोटिस्ड’. दोन गोष्टी मनात जुळवून निष्कर्ष निघाला असेल तर ‘आय रिअलाइज्ड’. ‘आय नोटिस्ड दॅट आय वॉज राँग’ असं लिहिलं तर आपली चूक भिंतीवर टांगलेली दिसली असं वाटतं.

‘ऑकर्ड’च्या स्पेलिंगमध्ये ‘सी’ दोनदा आणि ‘आर’ही दोनदा. इथे चांगले चांगले घसरतात.

चौथी पायरी: वेग ओळखा

समजणं सगळं एका वेगाने होत नाही आणि इंग्रजीने प्रत्येक वेगाला शब्द दिलाय. ‘डॉन’ मूळचा संथ, फटफटतं तसा. ‘इट स्लोली डॉन्ड ऑन मी’ सहज जातं. लोक ‘सडनली डॉन्ड’ही म्हणतात आणि ते चूक मानत नाहीत, पण माझं मत विचाराल तर झटक्याने आलेल्या गोष्टीला ‘स्ट्रक’ किंवा ‘हिट’ ठेवावा. ‘स्ट्रक’ विचाराला, ‘हिट’ भावनेला. ‘देन इट हिट मी’ म्हणजे धस्स झालं, हादरलो, असा त्यात अर्थ आहे. किराणा सामानातली साखर राहिली हे आठवलं तर ‘हिट’ वापरू नये.

‘सिंक इन’ याच्या उलट. बातमी कळलेली असते, पण आत उतरायला वेळ लागतो. ‘इट हॅजन्ट संक इन येट’ म्हणजे कळलंय, पण अजून खरं वाटत नाही. हा शब्द मोठ्या आनंदालाही चालतो आणि मोठ्या दुःखालाही. निकाल लागल्यावर आणि कोणी गेल्यावर, दोन्ही वेळी लोक हेच म्हणतात.

आणि आता ट्यूब. ‘माझी ट्यूब पेटली’ याचं भाषांतर करताना बहुतेक जण ‘लाइटबल्ब मोमेंट’कडे धावतात, दोन्हीकडे दिवा आहे म्हणून. पण दिवे वेगळे आहेत. इंग्रजीतला बल्ब बटण दाबताक्षणी पेटतो आणि तो नामी कल्पनेचा बल्ब आहे. हास्यचित्रांत डोक्यावर काढतात तो. आपली ट्यूब लुकलुक करत, उशिरा पेटते. सगळे हसून झाल्यावर ज्याला विनोद कळतो त्याला आपण ‘ट्यूबलाइट’ म्हणतो. तो उशीर इंग्रजीत दाखवायचा असेल तर ‘द पेनी ड्रॉप्ड’. नाण्यावर चालणारी यंत्रं असायची, त्यांत टाकलेलं नाणं अडकायचं आणि मग खाली पडून यंत्र सुरू व्हायचं, त्यावरून हे आलं असं सांगतात. ब्रिटनमध्ये ते रोजच्या वापरात आहे. ‘फायनली’ जोडलं तर टोमणाही तयार: ‘द पेनी फायनली ड्रॉप्ड’, पेटली बाई एकदाची.

साक्षात्काराला ‘एपिफनी’ म्हणतात. मूळ ग्रीक, अर्थ प्रकट होणं, आणि ६ जानेवारीच्या ख्रिस्ती सणाचंही तेच नाव. शब्द भारदस्त आहे. आयुष्यात एखाद-दुसरी ‘एपिफनी’ होत असेल. रोज बसमध्ये होत नाही. कामाच्या ईमेलमध्ये तो आला की हसू येतं.

पाचवी पायरी: उजेडाचं गणगोत

‘लाइट’चे वाक्प्रचार एकमेकांसारखे दिसतात आणि नवशिक्याला नेमके इथेच गंडवतात. ‘कम टु लाइट’ म्हणजे उजेडात येणं, आणि जे येतं ते बहुधा कुणीतरी झाकलेलं असतं: घोटाळा, जुनी कागदपत्रं, नवा पुरावा. कोणी मुद्दाम बाहेर काढलं तर ‘ब्रिंग टु लाइट’. ‘शेड लाइट ऑन’ म्हणजे प्रकाश टाकणं, आपलंच. ‘सी द लाइट’ मात्र वेगळं: मत बदलणं, शहाणपण सुचणं, मुळात धार्मिक अर्थाने. आणि त्याला शेपूट जोडून ‘सी द लाइट ऑफ डे’ केलं की अर्थ पार बदलतो: जगासमोर येणं, प्रसिद्ध होणं. बहुतेकदा नकारातच: तो अहवाल ‘नेव्हर सॉ द लाइट ऑफ डे’, म्हणजे कपाटातच राहिला.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण शब्दशः इंग्रजीत नेऊ नका, ऐकणारा कोंबड्याचं काय झालं तेच विचारेल. सत्य बाहेर येणारच एवढं म्हणायचं असेल तर ‘द ट्रुथ विल आउट’. ‘आउट’च्या आधी क्रियापद गळलंय असं वाटेल, पण ते जुनं, पक्कं वाक्य आहे, तसंच ठेवायचं.

‘इन द कोल्ड लाइट ऑफ डे’ मला या सगळ्यांत आवडतो. रात्री गप्पांच्या भरात जे बेत झकास वाटले, ते सकाळी थंड डोक्याने पाहिले की कसे दिसतात, त्यासाठी. मराठीत इतकं नेमकं काही नाही. ‘शांत डोक्याने विचार केल्यावर’ म्हणावं लागतं आणि त्यात आदल्या रात्रीची गंमत येत नाही.

‘इन ब्रॉड डेलाइट’ म्हणजे भरदिवसा, दिवसाढवळ्या. ब्रिटिश लोक अवाजवी किमतीला ‘डेलाइट रॉबरी’ म्हणतात, अमेरिकी ‘हायवे रॉबरी’. ‘डॉन रेड’ हा पोलिसांचा पहाटेचा छापा. शेअर बाजारात मात्र बाजार उघडताच एखाद्या कंपनीचे शेअर मोठ्या प्रमाणावर उचलण्याला हेच नाव आहे. अर्थविषयक बातमीत हा शब्द दिसला तर पोलीस शोधू नका. ‘सनराइज इंडस्ट्री’ म्हणजे नव्याने वर येणारा उद्योग.

‘फॉल्स डॉन’ला खरा अर्थही आहे. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या बारीक धुळीवर सूर्यप्रकाश पडतो आणि खऱ्या पहाटेच्या आधी पूर्वेला एक फिकट, त्रिकोणी उजेड दिसतो. काळोख्या जागेवरून बघणाऱ्याला उजाडलंच असं वाटतं. त्यावरून, आशा दाखवून फसलेल्या प्रत्येक सुरुवातीला ‘फॉल्स डॉन’ म्हणतात.

सहावी पायरी: ‘क्लिअर’ आणि त्याचे तोतये

‘माझा डाउट क्लिअर झाला’ हे आपल्यात चालतं, बाहेर अडखळतं. इंग्रजी भाषकाच्या कानी ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे ‘मला तुमच्या म्हणण्याविषयी शंका आहे’, जवळजवळ अविश्वासच. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. उत्तर मिळाल्यावर ‘दॅट क्लिअर्स इट अप’ किंवा नुसतं ‘दॅट मेक्स सेन्स’. आभाळही ‘क्लिअर अप’ होतं. ‘क्लिअर ऑफ’ मात्र कुणाला म्हणू नका, त्याचा अर्थ ‘चालता हो’.

‘क्लिअर ॲज डे’ म्हणजे दिवसासारखं लख्ख. ‘क्लिअर ॲज मड’ म्हणजे चिखलासारखं, अर्थात काही कळलं नाही. कोणी तुमचं भाषण ऐकून हे म्हणालं तर धन्यवाद देऊ नका.

सगळ्यांत मोठा तोतया ‘ॲपरंटली’. ‘ॲपरंट’ म्हणजे स्पष्ट, असं शिकवलेलं असतं, म्हणून ‘ॲपरंटली’ म्हणजे ‘स्पष्टपणे’ असं धरून लोक अहवाल लिहितात. वापरात तो जवळजवळ आपला ‘म्हणे’ आहे. ‘ॲपरंटली ही इज इल’: तो म्हणे आजारी आहे. मी पाहिलेलं नाही, ऐकलंय, आणि खरं-खोटं तुम्ही बघा. ठामपणे सांगायचं असेल तर ‘क्लिअरली’. ‘ऑब्व्हियसली’ जपून, त्यात ‘एवढंही कळत नाही?’ हा सूर येतो आणि वरिष्ठांना लिहिताना तो नकोच.

‘ट्रान्स्पायर’ म्हणजे उघडकीस येणं: ‘इट ट्रान्स्पायर्ड दॅट…’. शब्दाचं मूळ श्वासाशी जोडलेलं, वाफेसारखं बाहेर झिरपणं. पानांतून पाणी बाष्परूपाने बाहेर जातं त्यालाही हेच क्रियापद. ‘घडणे’ या अर्थानेही तो सर्रास वापरतात, पण काही संपादक अजून भुवया उंचावतात. बोलताना त्यापेक्षा ‘टर्न आउट’ बरा, आणि त्याला आपल्याकडे तयार जोडीदार आहे: ‘निघणे’. तो चोर निघाला, ‘ही टर्न्ड आउट टु बी अ थीफ’. अंदाज खरा निघाला, औषध जुनं निघालं, सगळीकडे हेच बसतं.

आता हात चालवून बघा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग पुढे वाचा: पहाटे अडीचला पाऊस सुरू झाला. तांबडं फुटायच्या आत निघू या. बोलता बोलता मला हळूहळू उमगलं की त्याला सगळं आधीच माहीत होतं. ती म्हणे लवकर निघून गेली. किल्ली खिशातच निघाली.

पहिल्यात ‘डॉन’ आला असेल तर पहिली पायरी परत वाचा. ‘ॲट हाफ पास्ट टू इन द मॉर्निंग’ एवढंच हवं. दुसऱ्याला ‘बिफोर डेब्रेक’ किंवा ‘बिफोर फर्स्ट लाइट’, दोन्ही चालतील. टेकडी चढायची असेल तर दुसरं जास्त शोभेल. तिसरं ‘इट स्लोली डॉन्ड ऑन मी दॅट ही ऑलरेडी न्यू एव्हरीथिंग’; इथे ‘आय स्लोली रिअलाइज्ड’ही बरोबर आहे, फक्त पहिल्या वाक्यात समज तुमच्यावर आली आणि दुसऱ्यात तुम्ही ती मिळवलीत. चौथ्यात ‘म्हणे’साठी ‘इट इज सेड’ वगैरे लांबण लावली असेल तर खोडा आणि वाक्याच्या सुरुवातीला एकटा ‘ॲपरंटली’ ठेवा. चौथ्यातलं आणि पाचव्यातलं ‘निघणं’ एकच आहे असं समजू नका. ती लवकर निघून गेली ते ‘लेफ्ट’, आणि किल्ली खिशातच निघाली ते ‘टर्न्ड आउट टु बी इन माय पॉकेट’.